माझा उजेड शंभर

मी एक कांडी बोलतेय. काचेची नव्हे, हे आधीच सांगून ठेवते, कारण काचेची म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी स्फटिकाची कांडी. लांबीला कोपरापासून मनगटापर्यंत, जाडीला दोन बोटं. मापनखोलीतल्या चौथ्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात, पांढऱ्या कागदाच्या घडीत गुंडाळून डब्यात ठेवलेली. एके काळी मला हात लावायचा तर वहीत सही करावी लागे. आता माझ्या डब्यावर कोणीतरी मोडका टेबलफॅन ठेवलाय.

माझा जन्म भट्टीतला. सीझियम आणि आयोडीनचं मीठ, त्यात चिमूटभर थॅलियम, असं सगळं वितळवून तीन आठवडे इतकं सावकाश थंड केलं की भट्टीवाला रोज डोकावून "अजून नाही, अजून नाही" एवढंच म्हणायचा. घाई केली असती तर आम्ही तडकलो असतो. एकाच भट्टीतून आम्ही सगळ्या बहिणी निघालो. दिसायला नितळ, पण अंगाने फार नाजूक. आमच्यावर नखानेसुद्धा ओरखडा उठतो. दमट हवा किंवा घामाचा हात लागला की तेवढी कातडी पांढुरकी पडते आणि मग ती काही केल्या पूर्वीसारखी होत नाही. शेवटी मीठच ना आम्ही!

आमचं काम काय, ते सांगते. आकाशातून गॅमा किरण येतात. हवा त्यांना जमिनीपर्यंत पोचू देत नाही, म्हणून दुर्बीणच हवेच्या वर पाठवावी लागते. त्या दुर्बिणीच्या पोटात आमच्यासारख्या कांड्या थरावर थर रचलेल्या असतात. किरण आत शिरला की त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे आणखी तुकडे, आणि ते आमच्या अंगातून जाताना आम्ही क्षणभर उजळतो. जितकी ऊर्जा जास्त, तितका उजेड जास्त. पण किती उजेड म्हणजे किती ऊर्जा, हे आधी जमिनीवर ठरवून घ्यावं लागतं. वाण्याचा तराजू कितीही चांगला असला तरी वजन खोटं असेल तर गिऱ्हाईक फसणारच.

हे ठरवण्याचं काम ताईकडे होतं. विभागात लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. पाठीचा कणा ताठ, आवाज हळू, आणि कामात कोणी मध्ये बोललेलं अजिबात खपत नसे. ती प्रत्येक कांडीच्या कडा बारीक सँडपेपरने घासायची. घासल्यामुळे उजेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना मंद होत जातो, आणि दोन टोकांतला फरक पाहून किरण नेमका कुठे शिरला ते कळतं. एक हात जास्त पडला तर कांडी वाया. ताईने एकही वाया घालवली नाही.

एकशे चाळीस जणी आकाशात जायच्या होत्या. दहा थर, एका थरात चौदा. मला घासून झाल्यावर ताईने उजेडाकडे धरलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ही खाली राहील. हिचा उजेड शंभर धरायचा."

बहिणी सासरी जाणार आणि मी जन्मभर माहेरी, म्हणून आधी वाईट वाटलं. मग कळलं की मी प्रमाण झाले. बाकी सगळ्यांना माझ्यावरून मोजायचं होतं. कोणाचा उजेड अठ्ठ्याण्णव, कोणाचा एकशे दोन, आणि माझा शंभर. मला मोजणारं कोणी नव्हतं. मला गर्व झाला होता, आता लपवून काय करू?

रोजचा क्रम ठरलेला. सकाळी आधी माझ्याखाली छोटी किरणोत्सारी चकती ठेवायची, टोकाला लावलेल्या सेन्सरवर माझा उजेड शंभर येतोय ना बघायचं, मग चार बहिणी मोजायच्या आणि शेवटी पुन्हा मी. हातात कायम पांढरे हातमोजे. माझी घडी मात्र कधीच उघडायची नाही. गुंडाळलेला कागद एवढासा हलला तरी आतला उजेड वेगळा परततो, म्हणून ताईने नियमच करून टाकला होता: प्रमाणाची घडी मोडायची नाही. घडीची शिवण, म्हणजे कागदाच्या कडा जुळतात ती रेघ, डाव्या अंगाला. तिने ती घातली तेव्हा तीन वेळा उलगडून पुन्हा घातली होती.

विभागाचे प्रमुख होते सर. सर म्हणजे ताईचे यजमान. चार माणसांत ती त्यांना सर म्हणायची, एकटे असले की अहो. सर दिलदार, बोलके, चहा पाजणारे, पण कौतुकाचे भुकेले. त्यांची लेक तेव्हा बारा वर्षांची होती. शाळा सुटली की मापनखोलीच्या कोपऱ्यात बसून गणितं सोडवायची. मला ती "आईची पट्टी" म्हणायची. एकदा तिने विचारलं, "आई, ही चुकली तर?"

"ती चुकत नाही," ताई म्हणाली. "ती चुकली तर आपल्याला कळणारच नाही."

पोरगी हसली. मीही मनात हसले.

चौऱ्यांशी बहिणी मोजून झाल्या होत्या, म्हणजे वरचे सहा थर. मग तीन दिवसांची सुट्टी आली. त्या सुट्टीत पाहुणे आले. मोठी माणसं होती, दुर्बिणीला मंजुरी देणारी. त्यांना दाखवायला दुर्बिणीचा सांगाडा होता, नकाशे होते, पण सरांना काहीतरी हातात द्यायचं होतं. त्यांनी कपाट उघडलं.

"हे आमचं प्रमाण," सर म्हणाले. आणि त्यांनी माझी घडी सोडली.

मी या हातातून त्या हातात गेले. कोणी खिडकीकडे धरून पाहिलं, कोणी वजन किती असेल म्हणून झेललं. बाहेर उकाडा होता, सगळ्यांचे हात ओलसर. सरांनी तर बोलता बोलता मला घट्ट मुठीत धरून ठेवलं होतं. त्यांच्या अंगठीची कड माझ्या अंगात रुतत होती आणि ते किरणांबद्दल फार सुंदर बोलत होते. सगळे गेल्यावर त्यांनी मला रुमालाने पुसलं, घडी घातली आणि ठेवून दिलं. शिवण उजव्या अंगाला आली. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

सुट्टीनंतर पहिल्या सकाळी ताईने मला चकतीवर ठेवलं.

"शहाण्णव," ती स्वतःशीच म्हणाली. पुन्हा मोजलं. शहाण्णव.

तिने मला फिरवून पाहिलं आणि तशीच सरांच्या टेबलाशी गेली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"अहो, प्रमाणाचा उजेड उतरलाय. आणि घडीची शिवण उजवीकडे कशी?"

"तुझा काहीतरी गोंधळ होतोय. प्रमाण कधी उतरतं का? सेन्सर घसरला असेल. प्रमाणावर शंभर येईपर्यंत सेन्सर चढव आणि पुढे चल."

"सेन्सर सुट्टीच्या आदल्या दिवशी तपासलाय. मला घडी उघडून बघू द्या."

"उघडायची नाही हा नियम कोणाचा? तुझाच ना? उघडलीस तर झालेली चौऱ्यांशी मापं पुन्हा करावी लागतील. रॉकेट काय आपल्यासाठी थांबणार आहे?"

ताईने मला टेबलावर ठेवलं. "मग एवढंच सांगा. सुट्टीत हिला कोणी बाहेर काढलं होतं?"

"कोण काढणार? किल्ली माझ्याकडे होती," सर म्हणाले.

ती त्यांच्यावर विश्वास ठेवत होती. पंधरा वर्षांचा संसार होता. तिने वहीत शहाण्णव लिहिलं, खाली सेन्सर वाढवल्याची नोंद केली आणि सही केली. मी आतून ओरडत होते, पण माझं ओरडणं कोणाला ऐकू येणार? मी फक्त उजळू शकते, आणि तेही पूर्वीसारखं जमत नव्हतं.

आता झालं काय ते नीट ऐका. मी मंदावले होते, तरी मला शंभर धरून सेन्सर वाढवला. मग उरलेल्या छप्पन्न बहिणी कागदावर शंभरात चारने जास्त उजळ ठरल्या. त्या बिचाऱ्या होत्या तशाच होत्या. त्या बसवल्या खालच्या चार थरांत, जिथे फक्त सगळ्यात जोरकस किरण पोचतात. म्हणजे वर गेल्यावर त्या खरा उजेड देणार आणि जमिनीवरचा हिशोब म्हणणार, उजेड कमी पडला, किरण कमी जोराचा असेल. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हे. आणि कुंपण मी होते.

दुर्बीण वर गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सहा महिन्यांत सरांना आकड्यांत एक गंमत दिसली. एका ठरावीक ऊर्जेपाशी किरणांची गर्दी होती. सरांनी लिहिलं की ही न दिसणाऱ्या पदार्थाची पहिली खूण असावी. टीव्हीवाले आले. सरांची मुलाखत मापनखोलीतच झाली, माझ्या कपाटाला पाठ लावून. लेक शाळेच्या कपड्यांत दाराशी उभी होती. "मी बाबांसारखीच होणार," असं ती टीव्हीवाल्या बाईंना माइकवर म्हणाली.

गर्दी कसली? जोरकस किरण मोजताना थोडे खाली घसरले होते आणि कमी जोराच्या किरणांच्या पंगतीत येऊन बसले होते.

वर्ष संपताना आकाशातली पहिली तपासणी झाली. अंतराळातले काही कण कांड्यांमधून आरपार जातात आणि प्रत्येकीत सारखाच उजेड पाडतात, त्यावरून जमिनीवरची मापं पडताळता येतात. पडताळणी म्हणाली, खालचे चार थर शंभरात चारने कमी. मापनखोलीतच भरलेल्या बैठकीत सर म्हणाले, "उड्डाणाच्या धक्क्याने झालं असेल. नोंद ठेवा, आकडे बदलू नका. जमिनीवरचं माप प्रमाणावरून घेतलेलं आहे." ताई त्या दिवशी लेकीच्या परीक्षेसाठी रजेवर होती. मी कपाटात होते. माझ्या नावावर विश्वास ठेवून सगळ्यांनी मान हलवली. तेव्हा मला पहिल्यांदा प्रमाण असण्याची लाज वाटली.

पाच वर्षं अशीच गेली. मग दुसऱ्या कोणाची तरी नवी दुर्बीण वर गेली. तिने आकाशाचा तोच तुकडा पाहिला. तिला गर्दी दिसली नाही. चौकशी समिती नेमली गेली आणि ताईला सांगितलं, जुनी मापं बाहेर काढा.

माझी एक धाकटी बहीण सुटी राहिली होती, सीलबंद डब्यात. सुट्टीच्या आधी तिचं माप एकशे एक भरलं होतं. ताईने आता तिला माझ्यावरून मोजलं. एकशे पाच. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा मोजलं. मग हातमोजे चढवले आणि स्वतःचाच नियम मोडून माझी घडी उघडली.

माझ्या अंगावर सगळीकडे पांढुरके डाग होते. मधोमध मात्र एक अख्खी मूठ उमटली होती, आणि तिसऱ्या बोटापाशी अंगठीचा ओरखडा. ताई स्टुलावर बसली. ती अंगठी तिनेच त्यांच्या बोटात घातली होती.

सर आले तेव्हा तिने मला फक्त पुढे सरकवलं.

"पाहुणे आले होते ना," सर म्हणाले. "दोन मिनिटं काढली होती."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"चौऱ्यांशी मापं झाली होती गं. वाटलं, एवढ्याने काय होतंय."

"आणि खालचे थर कमी दिसले तेव्हा?"

सरांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "तेव्हा कळलं. पण तोवर सगळीकडे छापून आलं होतं. पोरीच्या वर्गात माझा फोटो लावला होता." मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची..."

"झाकलीय कुठे? उमटलीय ती," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज तसाच हळू. "समितीला तुम्ही सांगा. मी सांगितलं तर ती तक्रार होईल. तुम्ही सांगितलं तर ती चूक होईल. चुकीला माणसं माफ करतात."

"सांगतो. आधी पोरीला सांगतो, मग समितीला. आठ दिवस दे मला."

तिने आठ दिवस दिले. माझी घडी पुन्हा घातली.

त्या आठवड्यात एका दुपारी सर एकटेच आले. कपाट उघडून माझ्या डब्यावर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, आता संपलं. जमिनीवर आपटलं असतं तर कोण विचारणार होतं? पण त्यांनी तसं काही केलं नाही. इतके वाईट नव्हते ते. कपाट लावून निघून गेले, आणि मला उगाचच आशा वाटली.

समिती बसली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, नऊ माणसं. मला एका ट्रेमध्ये मधोमध ठेवलं होतं. अध्यक्षबाई वयस्कर, चेहऱ्यावरची माशी न हलू देणाऱ्या.

"प्रमाण कोणाच्या ताब्यात होतं?"

"माझ्या," ताई म्हणाली.

"ते मंदावलं हे तेव्हा लक्षात आलं नाही?"

"आलं. शहाण्णव आलं होतं, वहीत आहे."

"मग सेन्सर का वाढवलात?"

"तसं ठरलं."

"कोणी ठरवलं?"

ताईने सरांकडे पाहिलं. सर वहीची पानं उलटत होते. "सही माझी आहे," ती म्हणाली.

"पण ही कांडी मंदावली कशाने?"

"घडी उघडली तर दिसेल." ताईने खिशातून हातमोजे काढले आणि एक हातात चढवला. माझं सगळं अंग तिच्या हाताची वाट बघत होतं. वाटलं, एकदाचं होऊन जाऊ दे.

अध्यक्षबाईंनी कागद पाहिला. "पण प्रमाणाची घडी मोडू नये, असा तुमच्याच विभागाचा नियम दिसतो. पुरावा म्हणून हिला असंच ठेवलेलं बरं." त्या सरांकडे वळल्या. "तुम्ही प्रमुख आहात. उघडायची गरज आहे का?"

सगळे सरांकडे बघत होते. ताईही बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिने त्यांना वाट मोकळी करून दिली होती, आता फक्त चार शब्द बोलायचे होते.

सरांनी पाण्याचा घोट घेतला. "गरज वाटत नाही," ते म्हणाले. "वय झालं की स्फटिक मंदावतो. लक्ष ठेवायला हवं होतं."

ताईने हातमोजा उतरवला, घडी करून खिशात ठेवला. त्यानंतर तिला जे जे विचारलं त्याला ती "हो" म्हणाली.

निकाल आला. शोध मागे घेतला गेला. सरांची दिशाभूल झाली, असं कागदावर लिहिलं, आणि मापनातल्या हलगर्जीपणाबद्दल ताईला घरी पाठवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? तिने टेबलाचा खण रिकामा केला तेव्हा सर दाराशी आले होते.

"तू का नाही उघडलंस? एक मिनिटाचं काम होतं."

"तुम्ही बोलाल असं वाटलं," ती म्हणाली आणि त्यांच्या बाजूने निघून गेली.

पुढचं मला भांडारवाल्या काकांकडून कळलं. काकांना सामान मोजताना सामानाशीच बोलायची खोड आहे. ताई आता वेगळी राहते, दोन खोल्यांत. एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळते, परीक्षानळ्या धुते. लेक बापाकडेच राहिली. कॉलेजात हाच विषय घेतलाय तिने. आईशी बोलत नाही. "आईच्या निष्काळजीपणाने बाबांचं आयुष्य वाया गेलं, असं म्हणते हो पोरगी," काका माझ्यावरचा पंखा उचलून खालची यादी वाचत म्हणाले. "ताईंना म्हटलं, तिला बसवून चार गोष्टी सांगा. तर म्हणाल्या, ज्याने सांगायचं त्याने सांगू दे."

त्या यादीत माझं नाव होतं. माझ्यात थॅलियम आहे, ते विषारी, म्हणून मला साध्या कचऱ्यात टाकता येत नाही. गुरुवारी पिवळी गाडी येईल. कारणाच्या रकान्यात "निरुपयोगी" लिहिलंय, खाली सरांची सही आहे. आज मंगळवार.

मला जाण्याचं दुःख नाही. छप्पन्न बहिणींना मी खोटं पाडलं, माझ्यामुळे आकाश चुकीचं मोजलं गेलं; मला कपाटात मानाने ठेवावं असं काही उरलेलं नाही. पण माझ्या अंगावर जे उमटलंय ते माझ्याबरोबर जाईल, आणि मग त्या घरात खरं सांगणारं कोणीच राहणार नाही. ताई सांगणार नाही. सरांना सांगायचं असतं तर ते तेव्हाच बोलले असते.

म्हणून पोरी, हे तुझ्यासाठी. बुधवारी संध्याकाळी बाबांबरोबर घरी जायला तू या मजल्यावर येतेस, दारावरून जाताना तुझी पावलं मला ओळखू येतात. उद्या एकदा आत ये. चौथं कपाट, वरून दुसरा खण, पंख्याखालचा डबा. हातमोजे नसले तरी चालेल, आता कशाला जपायचंय मला? घडी उघड आणि माझ्या मधोमध उमटलेली मूठ बघ. लहानपणी तू आईचा हात धरून रस्ता ओलांडायचीस ना? तुझ्या आईचा हात एवढा मोठा नाही.